आधी पुतळ्यावर हात बसावा

भिवंडी-ठाणे रस्त्यावर, गोदामांकडे वळणारे ट्रक आणि मेट्रोचे खांब यांच्यामधून वाट काढीत जावे लागते अशा काल्हेर गावी, ओझे उतरविताना एखाद्या हमालाचे हृदय अकस्मात थांबले, तर त्याच्या जिवाचा निकाल भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात वा ठाण्यास पोहोचण्यापूर्वीच, तो ज्यांच्यासमोर कोसळला त्यांच्या हातांवर बहुतांशी अवलंबून असतो. छातीच्या मध्यावर मिनिटास 100 ते 120 वेळा, दर खेपेस निदान 5 सेंटिमीटर खोल दाब देण्याची ही क्रिया पुस्तकातून पाठ होते, अंगवळणी मात्र पडत नाही.

सुश्रुतसंहितेने प्रतिकृतींवर हात बसविण्याच्या अभ्यासास सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय दिला आहे. कोहळा, दुध्या व काकडी यांवर छेदन, कमळाच्या देठांवर शिरावेध आणि वस्त्राच्या पुरुषाकृतीवर पट्टबंधन शिकावे, असे सांगून, हा सराव न केलेला पुरुष कितीही बहुश्रुत असला तरी कर्मास अपात्रच, असा निर्वाळा संहिताकार देतात. अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे यांनी फ्रान्समधील खेड्यांतल्या सुइणींना कापडी गर्भाशय-प्रतिकृतीवर प्रसूतिविद्या शिकविली. आणि 1960 मध्ये नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेरदाल यांनी कृत्रिम श्वसनाच्या शिक्षणासाठी ‘रेससी ॲन’ ही पुतळी घडविली.

आपल्याकडे नवजात अर्भकास श्वास देण्याचे शिक्षण 2009 च्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात पुतळ्यांवरच दिले गेले, आणि 2019 पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळेचा आग्रह धरला. अडचण पुढे आहे. खरेदीचा प्रस्ताव मंजूर करण्याचा आमच्या दफ्तरांस जेवढा उत्साह, तेवढा खरेदी केलेली वस्तू वापरण्याचा नसतो (कोणत्याही भांडारपालास खासगीत विचारून पाहावे), आणि महागडा पुतळा मोडेल या भीतीने कुलपात राहतो.

माझ्या मते तालुक्यास साधा, छातीपुरता पुतळाही पुरे. परंतु परिचारिकेच्या पाळीपत्रकात सरावाचा तास हुकुमाने नोंदलेला असावा, आणि तो सराव शहरातील सुसज्ज दालनात न होता तिच्याच प्रसूतिगृहात, तिच्याच साहित्यानिशी व्हावा, कारण प्राणवायूच्या नळकांड्याची किल्ली सुट्टीवर गेलेल्याच्या खिशात आहे, हे तेथेच उघडकीस येते. सरावानंतर काय चुकले याची चर्चा वरिष्ठांनी दोषारोप न करता चालवावी. ती टाळली, तर मागे केवळ हजेरीपटावरच्या सह्या उरतात.

कारखान्यातील प्रथमोपचार पेटी प्रशिक्षित व्यक्तीच्या स्वाधीन असावी, हा दंडक 1948 च्या कारखाने कायद्याने घालून दिला. गोदामांस तो कितपत लागू, याचा कीस वकिलांनी काढावा. काल्हेरच्या गोदाममालकांनी मात्र वर्गणी करून एक पुतळा घ्यावा, हमाल, चालक व पहारेकरी यांचे हात त्यावर पाळीपाळीने बसवून घ्यावेत, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये.