बक्षिशीचा हिशेब

“पाच हजार रुपये भरा, आम्ही आमच्या पदरचे आणखी पाच हजार घालतो,” अशा आशयाचे आमंत्रण हातातील मोबाइलवर आले असता ते स्वीकारावे की नाकारावे, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतील तरुण हल्ली मोठ्या गांभीर्याने विचारतात. आणि त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर देणारे पंडितही त्यांस भेटतात. हे पंडित सांगतात की, बोनस सरसकट वाईट नसतो. अटी नीट वाचाव्यात, योग्य बोनस निवडावा, संयमाने खेळावे, म्हणजे शहाण्या माणसास त्यात लाभ आहे. जुगार वाईट असे सांगणारा उपदेशक आम्हांस फारसा उपयोगी वाटत नाही, कारण त्याचे कोणी ऐकत नाही. परंतु जुगार शहाणपणाने खेळता येतो असे सांगणारा हा दुसरा उपदेशक मात्र घातक आहे, कारण त्याचे ऐकले जाते. म्हणून त्याच्याशी नीतीच्या नव्हे, तर त्याच्याच हिशेबाच्या भाषेत दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. ‘लाइव्ह कॅसिनो’ म्हणजे यंत्राने काढलेली चित्रे नव्हेत. लाटव्हियाची राजधानी रीगा हिच्यासारख्या दूरच्या शहरी सजविलेल्या दालनांत खरी माणसे खऱ्या टेबलापाशी उभी राहून पत्ते वाटतात, चाक फिरवितात, आणि ते दृश्य कॅमेऱ्यातून त्याच क्षणी आपल्या राजापेठेतील किंवा जठारपेठेतील खोलीत उमटते. रूलेटच्या चाकाबरोबर तीन पत्ती व अंदर-बाहर हे आपले ओळखीचे खेळही तेथे मांडलेले असतात. डोळ्यांस दिसते म्हणून ते खरे, आणि खरे म्हणून ते न्याय्य, अशी खेळणाऱ्याची समजूत होते. पहिले विधान आम्ही वादापुरते मान्य करतो. चाक पूर्णपणे प्रामाणिक आहे असेच धरून चालू. कारण आमच्या म्हणण्यास लबाड चाकाची मुळीच गरज नाही.

युरोपीय पद्धतीच्या चाकावर ३७ घरे असतात. एका घरावर लावलेली पैज जिंकली तर एकास पस्तीस मिळतात. न्यायाने छत्तीस मिळावयास हवेत. ह्या एका घराच्या फरकात साऱ्या धंद्याचे पोट आहे. शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाकडे जातात. गावच्या फडावर डावामागे मालकाचा जो ‘नाल’ निघतो, तोच हा नाल. फक्त तो डोळ्यांदेखत काढला जात नाही.

आता बोनस. उदाहरण म्हणून प्रचलित धर्तीच्या अटी घेऊ. भरणा पाच हजार, बोनस पाच हजार, आणि अट अशी की बोनसच्या तीसपट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. तीसपट म्हणजे दीड लाख. येथवर वाचणारे पुष्कळ असतात. त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, पुढचे वाक्य असते: लाइव्ह टेबलावरील पैजांपैकी केवळ दहा टक्के रक्कम ह्या अटीसाठी हिशेबात धरली जाईल. काही ठिकाणी हा आकडा शून्यही असतो. दहा टक्के धरले, तर दीड लाखांचे पंधरा लाख झाले! पंधरा लाखांच्या पैजांवर शेकडा दोन रुपये सत्तर पैसे ह्या दराने नाल होतो सुमारे ४०,५०० रुपये. पाच हजारांची बक्षिशी पदरात पाडून घेण्यासाठी साडेचाळीस हजारांचा नाल!

कोणी म्हणेल, एवढा तोटा होणार कसा? खात्यात मुळी दहाच हजार आहेत. आक्षेप बरोबर आहे, आणि तो आमच्याच बाजूचा आहे. खेळणाऱ्याचे पैसे ती मर्यादा गाठण्यापूर्वीच बहुधा संपतात, म्हणजे बोनस त्याच्या हाती येतच नाही. आणि जो ‘अर्ध्यापर्यंत आलोच आहोत’ म्हणून पुन्हा भरणा करतो, त्याच्याकडून तो साडेचाळीस हजारांचा हिशेब हळूहळू पुरा करून घेतला जातो. बोनस ज्याच्यासाठी निर्माण झाला, तो हा दुसरा भरणा होय. वेळेचाही हिशेब करावा. पाचशेची एक पैज धरली तर पंधरा लाखांसाठी तीन हजार डाव. मिनिटास एक डाव म्हटले तरी पन्नास तास. बोनसची मुदत सात दिवसांची असेल तर रोज सात तासांहून अधिक. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करण्यासाठी घर सोडून आलेल्या मुलाने तितके तास पुस्तकाशी काढले असते, तर आईबापांस आनंदच झाला असता.

“रूलेट सोडा, ब्लॅकजॅक खेळा,” असे ह्यावर ते पंडित सांगतील. बिनचूक खेळले असता त्या खेळातील नाल शेकडा अर्ध्या रुपयाच्या आसपास उतरतो, हे खरे. पंधरा लाखांवर तो होतो ७,५००. बोनस पाच हजारांचा. तोटा कमी झाला, फायदा झाला नाही. शिवाय ‘बिनचूक’ हा शब्द रात्री दोन वाजता हरत असलेल्या माणसाच्या बाबतीत वापरणे म्हणजे थट्टाच आहे.

तथापि प्रतिपक्षाचे एक म्हणणे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. लाइव्ह टेबलावरील सगळी रक्कम जर अटीत धरली जात असेल, तर दीड लाखांवरील नाल सुमारे ४,०५० रुपये होतो आणि पाच हजारांच्या बोनसमधून सरासरीने साडेनऊशे रुपये उरतात. असा बोनस कागदावर खरोखरच लाभाचा असतो. पण कागदावर लाभाचा असलेला बोनस मालकासही दिसतो. म्हणून एका पैजेची कमाल मर्यादा, लाल आणि काळे अशा दोन्ही बाजूंस पैसे लावण्यास मनाई, बोनसवरील जिंकीतून काढावयाच्या रकमेवर वरची मर्यादा, आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे ‘अनियमित खेळ’ आढळल्यास बोनस रद्द करण्याचा मालकाचा अधिकार, अशी कुंपणे त्याभोवती घातलेली असतात. अनियमित कोणता ते ठरविणार मालक! हिशेबाने खेळणारा तेवढा अनियमित, आणि भान सुटून खेळणारा नियमित, असा त्या शब्दाचा अर्थ व्यवहारात होऊ शकतो. त्यातूनही जे उरेल त्यावर १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकीच्या ३० टक्के आयकर आहेच.

आम्हांस नवल वाटते ते ह्याचे की, असल्या अटींखाली डोळे मिटून संमती देणारा हा तरुण वऱ्हाडचा आहे. कारंज्यास १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार बसला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्यबाजाराचा स्वतंत्र कायदा झाला, आणि हिंदुस्थानातील बाजार-नियंत्रणाच्या कायद्यांत तो पहिला गणला जातो. असा कायदा लागावा कशासाठी? तर माप कोणी करावे, दलाली कोणी घ्यावी, ह्या गोष्टी एकट्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहिल्या तर शेतकरी नागवला जातो, हे त्या काळीच कळून चुकले होते म्हणून. गाडीभर कापूस आणणारा अडाणी म्हातारा काट्याकडे टक लावून बसत असे, अडत, हमाली, कडता ह्यांतील पै न् पैसाठी तंडत असे. त्याचा पदवीधर नातू शंभराचे दहा मोजणारा काटा मुकाट्याने मान्य करतो, आणि वर त्याला बक्षिशी म्हणतो!

कापूस आणि जुगार ह्यांचे नातेही नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत, आणि १९६१ मध्ये ते आकडे येणे बंद झाल्यावर मटक्यातून चिठ्ठ्या काढण्याची प्रथा पडली. ‘आकडा’ आणि ‘मटका’ हे शब्द तेव्हापासून आपल्या बोलीत मुक्कामास आहेत. मात्र आकडा लावणाऱ्यास निदान चार लोकांदेखत गल्लीच्या तोंडाशी जावे लागत असे. मटकेवाला बोनस देत नसे, आणि रात्री अंथरुणात शिरून आर्जवही करीत नसे.

द्यूताची निंदा करताना धर्मराजाचे नाव घेण्याची वहिवाट आहे. परंतु त्या कथेतील आमच्या विषयास लागू पडणारा भाग पहिल्या द्यूताचा नसून दुसऱ्याचा आहे. पहिल्या द्यूतात सर्वस्व हरल्यावर द्रौपदीमुळे पांडवांस सारे परत मिळाले. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागले. आणि वाटेतून त्यांस पुन्हा बोलावण्यात आले. एकच डाव, आणि बारा वर्षांचा वनवास. हरलेले परत मिळाले म्हणजे माणूस सुटत नाही, पुन्हा बसतो, हे मर्म शकुनीच्या पक्षास पक्के ठाऊक होते. ‘गेल्या आठवड्यातील तोट्याच्या दहा टक्के परत’ अशी एक बोनसची जात आहे. ती आम्हांस ह्याच कुळातली दिसते. दोहोंत भेद इतकाच की, पांडवांस मिळालेले राज्य खरे होते.

वऱ्हाडास तर नलाची कथा अधिक जवळची. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर, अशी आपली परंपरा सांगते. नवरा पुष्कराशी खेळताना भान विसरला आहे असे दिसताच तिने रडत न बसता दोन्ही मुले वार्ष्णेय सारथ्याबरोबर माहेरी धाडली. पुढे नलाने राज्य परत जिंकले खरे, परंतु ते केव्हा? ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्येचे रहस्य शिकल्यानंतर. आजच्या खेळात ती विद्या कोणापाशी आहे? चाकाची घरे मोजून नाल ठरविणाऱ्यापाशी. खेळणाऱ्यापाशी केवळ पुष्कराचे आमंत्रण आहे.

“आम्ही फायद्यासाठी नव्हे, करमणुकीसाठी खेळतो, सिनेमाच्या तिकिटास पैसे जात नाहीत काय?” असेही एक उत्तर मिळते. ठीक आहे. पण मग बोनसचा लाभ-तोटा विचारता कशाला? सिनेमाचे तिकीट काढणारा, ‘हे तिकीट तीसपट फिरविल्यावर मला किती परत मिळेल,’ असे विचारीत नाही. सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरीची तिकिटे विकत आले आहे, असेही ह्या वादात सुनावले जाते. ते आम्हांस तेव्हाही रुचले नसते, आजही रुचत नाही. मात्र तिकीट घेणाऱ्यास लॉटरी आणखी पाच तिकिटे उसनी देऊन रात्रभर जागवीत नाही, एवढा फरक नोंदविला पाहिजे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घालणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. परंतु क्युरासाओसारख्या दूरच्या बेटावर नोंदलेल्या मालकास अकोल्याच्या पोलिसाने गाठावे कसे? ‘तुमची कागदपत्रे तपासत आहोत’ म्हणून त्याने रक्कम अडकवून ठेवली तर तक्रार करावयाची कोणाकडे? ज्याच्या अटी एकतर्फी, ज्याचा पत्ता समुद्रापार, आणि ज्याच्यावर फिर्याद चालत नाही, त्याने दिलेल्या वचनाची किंमत पाच हजार रुपये धरून पंडितजी आपला हिशेब सुरू करतात, ही त्यांची पहिली आणि मोठी चूक होय.

२०२३ च्या जुलैत उघडकीस आलेले नागपूरच्या व्यापाऱ्याचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या खेळाच्या खात्यावर आरंभी आठ लाख दिसत होते, प्रारंभी तो जिंकतही गेला, आणि शेवटी ५८ कोटी गमावून बसला. मग गोंदियातील संशयिताच्या घरी झडती झाली आणि कोट्यवधींची रोकड व सोनेचांदी सापडली. हा मनुष्य अशिक्षित नव्हता, व्यापारी होता; हिशेब त्याचा रोजचा. पडद्यावरील आकडा हा पैसा नव्हे, एवढेच त्याच्या ध्यानात वेळेवर आले नाही. बोनस तर आरंभापासून पडद्यावरचाच आकडा असतो.

मध्यमवर्गीय घरांत ह्या गोष्टी उशिरा कळतात, ह्याचे कारण लाज. मुलगा शिकवणीची फी भरली म्हणून सांगतो, मग मित्राची उसनवारी, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेला हात. घरी कळले तर अनर्थ होईल ह्या भीतीनेच तो ‘आणखी एकदा भरून बोनस मोकळा करू’ ह्या वाटेस लागतो. म्हणजे वडिलांचा धाक मालकाच्या उपयोगी पडतो. तेव्हा असा मुलगा घरात असल्याचे आढळले, तर पहिला प्रश्न ‘किती घालविलेस?’ हा न विचारता ‘किती अडकले आहे?’ हा विचारावा. खात्यात स्वतःच्या भरण्यापैकी जे काढता येण्याजोगे असेल ते बोनस सोडून देऊन त्याच दिवशी काढून घ्यावे. बोनस बुडेल, तर बुडू द्यावा. बँकेस कळवून त्या खात्याकडे जाणारी वाट बंद करावी. आणि फसवणूक झाली असेल तर सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० ह्या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ते थोपवून धरण्याची काही आशा असते.