दाराशी समुद्र, घरात तहान

एप्रिल 2025 मध्ये मुंबईतील टँकरवाल्यांनी संप पुकारला आणि चार दिवसांतच महापालिकेस आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्या वेळी अवर्षण नव्हते, तलावही कोरडे पडलेले नव्हते. केवळ टँकर थांबताच जी नगरी हवालदिल होते ती खऱ्या अवर्षणास कशी तोंड देणार, असा प्रश्न आम्हांस पडतो.

हिशेब उघड आहे. 1860 च्या विहारपासून 2014 च्या मध्य वैतरणेपर्यंत सात जलाशय मिळून सुमारे 14 लक्ष 47 हजार दशलक्ष लिटर पाणी साठवितात. शहरास रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर दिले जाते. म्हणजे काठोकाठ भरलेली शिदोरी जेमतेम एका वर्षाची! पाऊस लांबला की कपात आलीच. जुलै 2009 मध्ये ती 30 टक्के होती, जून 2024 मध्ये 10 टक्के. कपात हीच आमची तयारी होऊन बसली आहे.

यावर आणखी एखादी दूरची नदी अडवावी, हा उपाय सुचविणे सोपे आहे. परंतु ज्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी आम्हांकडे येते, तेथील पाड्यांवरील आयाबहिणी उन्हाळ्यात रिकाम्या हंड्यांनिशी टँकरची वाट पाहतात. त्यांच्याकडे पुन्हा मागावयास जाण्यापूर्वी आपल्या अंगणाकडे पाहणे हे आमचे कर्तव्य होय.

जुहूचेच उदाहरण घ्या. अशा रेताड किनाऱ्यावर जमिनीतील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. पाऊस मुरला तर ते टिकते. उपसा बेसुमार झाला तर समुद्र विहिरीत शिरतो, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. पर्जन्यजलसंचयाचा नियम 2002 मध्ये 1,000 चौरस मीटरवरील भूखंडांच्या नव्या बांधकामांस लागू झाला, 2007 मध्ये ती मर्यादा 300 वर आली. त्यांपैकी किती टाक्या व खड्डे आज खरोखर पाणी मुरवितात, हे महापालिकेने विभागवार जाहीर करावे. विहिरींच्या उपशाची मोजणी व्हावी. कपातीचे टप्पे मे-जूनमध्ये नव्हे, तर पावसाळा संपताच साठा मोजून ठरवावेत. गृहनिर्माण संस्थांनीही आपल्या गच्चीवरील पाणी गटारात सोडणे थांबवावे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण मुलांना शिकवितो. हाती असलेल्या विहिरी खाऱ्या होऊ देणाऱ्यांस तो उपदेश करण्याचा अधिकार कोठून येणार?