बाळाचे नाव ठाऊक नसलेली आई



मुलगा होस्टेलला गेला की आईचा जीव मोबाईलमध्ये अडकतो. जेवलास का, झोपलास का? आज ओळख करून देते अशा एका आईची, जिला ना फोन होता, ना मुलांना भेटायची मुभा.

तिचे नाव दुओदा. राहणार दक्षिण फ्रान्समधील उझेसची. 824 साली बर्नार्ड नावाच्या बड्या सरदाराशी तिचे लग्न झाले. पुढे शार्लमेन बादशहाचे नातू गादीसाठी आपसांत लढले. 841 च्या लढाईनंतर बर्नार्डने राजा चार्ल्सचा विश्वास मिळवण्यासाठी थोरला मुलगा विल्यम त्याच्या हवाली केला. मुलगा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. धाकटे बाळ काही महिन्यांचे. तेही त्याने आपल्याकडे मागवून घेतले. बाप्तिस्मा व्हायचा होता, म्हणून नाव ठेवलेले नव्हते. आईला स्वतःच्या लेकराचे नावसुद्धा ठाऊक नाही!

दुओदाने लेखणी उचलली. नोव्हेंबर 841 ते फेब्रुवारी 843 या काळात तिने विल्यमसाठी एक पुस्तकच लिहिले. लोकांची बोली तोवर लॅटिनपासून दूर गेली होती, पण ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिले जात. तिच्या लॅटिनमध्ये व्याकरणाच्या चुका आहेत. मी शिक्षिका, पण या वहीवर लाल शाई चालवायला माझा हात धजणार नाही.

प्रार्थना कर, वडिलांचा मान राख, राजाशी इमान राख, गरिबांना दे, असे ती सांगते. धाकटा भाऊ वाचू लागला की त्यालाही हे पुस्तक दाखव, म्हणते. नवऱ्याच्या कामासाठी ख्रिस्ती आणि यहुदी सावकारांकडून कर्ज काढले होते. माझ्यामागे राहिलेले फेड, हेही लिहून ठेवते. शेवटी स्वतःच्या कबरीवरच्या ओळीही तिनेच रचल्या.

844 मध्ये चार्ल्सने बर्नार्डला मृत्युदंड दिला. विल्यम चार्ल्सच्या विरोधात उभा राहिला आणि 850 च्या सुमारास मारला गेला. वडिलांचा मान आणि राजाशी इमान, दोन्ही एकत्र राखणे त्या पोराच्या नशिबी नव्हते.

सरदारकी गेली, राज्येही गेली. आईचे पुस्तक मात्र हस्तलिखितांतून आजवर टिकले.

भगिनींनो, फोनवरचे बोलणे हवेत विरते. या महिन्यात मुलांसाठी चार ओळी कागदावर लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका.