विश्लेषण : महागाईपासून वाचवणारे रोखे महागाईतच का घसरले?

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. चार दशकांतील हा उच्चांक होता. अशाच काळासाठी तिथले सरकार १९९७ पासून महागाई निर्देशांकाशी जोडलेले ‘टिप्स’ रोखे विकते. तरीही त्या वर्षाअखेर या रोख्यांचा बाजारातील परतावा उणे १२ टक्क्यांच्या आसपास होता. असे का झाले?

या रोख्यांची रचना कशी असते?

साध्या सरकारी रोख्याचे मुद्दल स्थिर असते. यांचे मुद्दल महागाईबरोबर वाढते. समजा, १०० रुपयांच्या रोख्यावर दोन टक्के व्याज आहे आणि वर्षभरात महागाई सहा टक्के झाली. मग मुद्दल १०६ रुपये होते आणि व्याजही १०६ वर, म्हणजे २.१२ रुपये मिळते. किमती उतरल्या तर मुद्दल घटते. मात्र ‘टिप्स’च्या मुदतपूर्तीला मूळ दर्शनी मूल्यापेक्षा कमी रक्कम मिळत नाही.

मग तोटा कशामुळे?

या रोख्यांचा बाजारभाव ठरतो तो वास्तव व्याजदरावर, म्हणजे महागाई वगळून हाती उरणाऱ्या परताव्यावर. फेडरल रिझर्व्हने २०२२ मध्ये शून्यालगतचा व्याजदर सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. दहा वर्षांच्या ‘टिप्स’चा वास्तव दर वर्षारंभी उणे एक टक्क्याच्या आसपास होता, तो वर्षाअखेर दीड टक्क्यावर गेला. नवे रोखे जास्त परतावा देऊ लागले की जुन्यांचा भाव पडतो. दहा वर्षांच्या अशा रोख्यात वास्तव दर एक टक्क्याने वाढला, तर भाव साधारण नऊ टक्क्यांनी उतरतो. मुद्दलात पडलेली महागाईची भर ही घसरण भरून काढू शकली नाही.

भारताचा अनुभव काय?

रिझर्व्ह बँकेने जून २०१३ मध्ये १.४४ टक्के व्याजाचे दहा वर्षांचे रोखे आणले, पण ते घाऊक महागाईशी जोडलेले होते. २०१५ मध्ये घाऊक महागाई शून्याखाली गेली, तर घरखर्चाला भिडणारी किरकोळ महागाई पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. म्हणजे रोखा एका महागाईपासून वाचवत होता आणि धारकाचे घर दुसरीच महागाई सोसत होते. डिसेंबर २०१३ मध्ये किरकोळ महागाईशी जोडलेली, दीड टक्का निश्चित व्याजाची बचत योजना सामान्यांसाठी आली. तिलाही प्रतिसाद थंडच मिळाला.

गुंतवणूकदाराने काय पाहावे?

तीन गोष्टी. रोखा कोणत्या निर्देशांकाशी जोडला आहे? खरेदीच्या वेळी वास्तव दर किती आहे? तो उणे असेल, तर मुदतपूर्तीपर्यंत थांबूनही क्रयशक्ती घटतेच. आणि पैसा नेमका कधी लागणार आहे? मुलांच्या शिक्षणाचे वर्ष आणि रोख्याची मुदत जुळत असेल, तर मधल्या चढउतारांची चिंता नको. फंडामार्फत असे रोखे घेणाऱ्याला मात्र हा आधार नसतो, कारण सर्वसाधारण फंडाला मुदतपूर्तीची तारीखच नसते.

महागाईपासूनचे संरक्षण खरे आहे, पण ते मुदतीअखेरचे आहे. विक्रेत्यांनी ही अट बारीक अक्षरांत दडवू नये आणि घेणाऱ्याने ती विचारल्याशिवाय सही करू नये.