रॉड बदलून ग्रिल पेटत नसतं

९ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. आदेश मुंबईचा, पण धसका उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरातल्या हॉटेलवाल्यांनीही घेतला आणि आपल्यातल्या काहींनी पेलेट ग्रिल घेतलं. आता पावसाळ्यात पत्रांतून एकच रड: ‘संध्याकाळी पेटत नाही.’ त्यावर डीलरचं औषधही एकच. इग्निटर रॉड बदला.

रॉड फेकण्याआधी मीटर लावा की! २३० व्होल्ट, ३०० वॉटचा रॉड थंड असताना, प्लग काढून, १७६ ओमच्या आसपास दाखवतो. तेवढे दाखवले तर रॉड ठणठणीत आहे. मग सातच्या गर्दीत, रॉड चालू असताना व्होल्टेज बघा. १८० मिळत असेल तर उष्णता निम्म्याच्या थोडीच वर, ६१ टक्के. त्यात पेलेट ओले. दहा टक्क्यांवर ओल गेली की नुसता धूर. फायर पॉटमध्ये खंगर साठून हवेची भोकं बुजली असतील तर बघायलाच नको. भाताच्या तुसाच्या स्वस्त पेलेटमध्ये राख किती निघते, हे आपल्याला ठाऊक नाही थोडंच?

व्होल्टेजची तक्रार करावी तर वीज कंपनीचा माणूस येतो सकाळी अकराला. तेव्हा २३५ दिसतात. ‘पुरवठा योग्य’ असा शेरा मारून तक्रार बंद. संध्याकाळी या म्हटलं तर ‘ड्युटी संपते’. म्हणजे ग्रिल सकाळी पेटवायचं आणि कबाब रात्री विकायचे! लो टेन्शनला जाहीर व्होल्टेजच्या सहा टक्के इकडे-तिकडे, एवढीच सूट नियमात आहे. ती सूट घड्याळ बघून बदलत नाही. बरं, पहिली काही मिनिटं ग्रिल धुरकटणारच, तेवढ्यात पालिकेचा माणूस चिमणीचा फोटो काढून नोटिशीची भीती घालतो, ते वेगळंच.

पण सगळं खापर दुसऱ्यावर फोडता येणार नाही. पोती ओल्या फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवणारे आपलेच. हॉपर रात्रभर उघडा टाकणारेही आपलेच. आणि एकदा पेटलं नाही की तसंच पुन्हा स्टार्ट दाबणारे! अर्धवट जळालेले पेलेट साठतात, आत धुराचा गॅस कोंडतो आणि एकदम भडका उडून झाकण तोंडावर येतं. रॉकेल शिंपडणाऱ्याला तर कामावरून काढा. प्लग काढा, थंड होऊ द्या, पॉट रिकामा करून खरवडा, हॉपरमधला भुगा चाळा, मगच बटण.

आता कामाला लागा. आठवडाभर रोज सातला, रॉड चालू असताना, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. तारीख, वेळ आणि ग्राहक क्रमांक वहीत लिहा. एका गल्लीतले पाच-सहा जण मिळून एकत्र लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तरी अकरालाच माणूस आला, तर तीच वही घेऊन कल्याणच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कार्यालयात यावं, येताना ग्रिलचा रॉड नको, वही आणावी.