टर्की नळाखाली धुताय? थांबा, आधी थर्मामीटर आणा!

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री टेक्सासमध्ये एमएस करणाऱ्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर ६ किलोची, दगडासारखी गोठलेली टर्की. शेजारी दही-मसाल्याचं पातेलं. प्रश्न एकच, ‘ही रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळपर्यंत सुटेल ना?’

सुटली असती की! पण आत बर्फ तसाच आणि वरचं मांस तासन् तास खोलीच्या तापमानाला पडून, असा प्रकार झाला असता. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अमेरिकेच्या कृषी विभागाचा हिशेब साधा आहे : फ्रीजमध्ये दर ४ ते ५ पौंडांमागे २४ तास. म्हणजे ६ किलोला ३ दिवस. सण गुरुवारी, तर टर्की सोमवारीच फ्रीझरमधून खाली यायला हवी. उशीर झालाच तर न गळणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, पौंडामागे अर्धा तास धरायचा. चौघं रूममेट रात्रभर आळीपाळीने पाणी बदलत बसले.

मग आईचा सल्ला आला, ‘नीट धुऊन घे रे.’ इथे मी आईच्या विरोधात आहे. आपल्याकडे दुकानातून कापून आणलेल्या कोंबडीला पिसं, रक्त लागलेलं असतं, ते धुण्यामागे कारण आहे. पॅकबंद टर्की आधीच साफ केलेली असते. धुतल्याने जिवाणू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर पसरतात. कृषी विभागाच्या २०१९च्या प्रयोगात मांस धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जिवाणू सापडले, २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत ते पोहोचले. गंमत म्हणजे न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये ते होतेच. म्हणजे हात, सुरी आणि सिंक साबणाने धुतलं नाही, तर नुसतं ‘मी धूत नाही’ म्हणून उपयोग नाही. सॅलड आधी चिरून बाजूला ठेवलं की निम्मी कटकट मिटते.

आता माझ्या डिग्रीचा एकमेव उपयोग. चिकन रस्सा आपण अंदाजाने करतो आणि तो चुकत नाही, कारण तुकडे लहान असतात आणि रस्सा चांगला उकळतो. टर्की अख्खी असते. जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत जायला साधारण चौपट वेळ लागतो. वरची साल खरपूस झाली म्हणजे आतलं शिजलं, असं धरून चालणं हीच खरी चूक. रंगावरही जाऊ नका. पूर्ण शिजलेलं मांसही कधी गुलाबीसर दिसतं. छातीचा सर्वांत जाड भाग, मांडीची आतली बाजू आणि पंखाचा सांधा, तिन्हीकडे हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसायचा. ७४ अंश दिसले की झालं. पोटात सारण भरलं असेल तर त्याच्या मध्यभागीही ७४च हवेत. दही-मसाल्याने चव येते, जंतू मरत नाहीत.

मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ख्रिसमसच्या बुफेला टर्की असते. एफएसएसएआयच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थ आतपर्यंत ७५ अंशांवर किमान १५ सेकंद शिजवावा आणि गरम ठेवायचा तर ७० अंशांवर, असं आहे. दिव्याखाली ठेवलेली टर्की कोमट लागली तर प्लेट परत करा. अडीच हजार मोजल्यावर कसली लाज?

उरलेल्या टर्कीचं काय? २ तासांच्या आत हाडावरून सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये. गप्पा रंगल्या म्हणून मध्यरात्रीपर्यंत टेबलावर राहिली, तर सरळ फेकायची. फ्रीजमधली ३-४ दिवस चालते. मित्राने शनिवारी तिचा तांबडा रस्सा केला. फोटो पाठवला तेव्हा पातेलं रिकामं होतं.