अहंकार की आजार?

आमच्या एका काकांना सारे घर 'गर्विष्ठ' म्हणते. मीही म्हणत असे. मराठीत काय, कन्नडात काय, 'अहंकार' म्हटले की निकाल लागला! परंतु १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 'नार्सिसिस्टिक' अर्थात आत्ममग्न व्यक्तिमत्त्वाच्या विकारास आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. आज त्यांच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असल्याखेरीज निदान होत नाही. म्हणजे प्रत्येक बढाईखोर रोगी नव्हे. वरच्या मोठेपणाखाली पुष्कळदा ठिसूळ मन असते. यावर खास गोळी नाही. दीर्घकाळ, बोलण्यातून होणारा मानसोपचार हाच मुख्य मार्ग. धारवाडला सरकारी मनोरुग्णालय आहे, पण लाज आडवी येते.

काकांचे निदान तज्ज्ञच करोत. मात्र 'सोसा, काकू' म्हणणे मी सोडले आहे. समजून घेणे म्हणजे सोसणे नव्हे.